शिंप्याचा हवालदार

आमच्या गावातला रस्ता इतका वाहता, की हॉर्न ऐकून आपण मान वळवेपर्यंत गाडीवाला पुढच्या गावात जेवायला बसलेला असतो. यात तसूभरही खोटं नाही. खोटं मी गरज पडली तरच बोलतो.

या रस्त्याच्या अगदी कडेला मास्तरांचं दुकान. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. दुकानात दोन मशिनी, एक मास्तरांची, एक त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची. शाळा पलीकडे आणि दोऱ्याची रिळं मिळायची तेही पलीकडेच. एका सुट्टीच्या दुपारी झग्याची किनार अर्ध्यावर आली आणि काकूंचा दोरा संपला. आपल्या पोरीला म्हणाल्या, पळत जा नि रीळ घेऊन ये. झगा तिचाच होता, म्हणून ती जरा जास्तच पळत गेली.

रीळ सापडलं, रस्ताभर उलगडलेलं.

त्यानंतर काकूंनी मशीनला हात लावला नाही. झगा सुईखाली होता तसाच राहिला. मास्तरांच्या मशीनचा आवाज सुरू झाला की त्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या.

मास्तर गतिरोधक मागायला रस्त्यांच्या कचेरीत गेले. तिथला साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मान खाली घालून नियम सांगितला. जागा धोक्याची ठरायला पुरेसे अपघात व्हावे लागतात. एक पुरत नाही.

मास्तर परत आले आणि त्यांनी एक हवालदार शिवला. आत चिंध्या, वर खाकी, आणि दिला रस्त्याकडेला उभा करून. मिशी अशी करारी की कावळेसुद्धा त्याच्यासमोर आले की वेग कमी करायचे. एक ट्रकवाला तर खाली उतरला, हात जोडून त्यानं लायसन घरी विसरल्याची सगळी कैफियत मांडली, आणि साहेब चकार शब्द काढत नाहीत म्हणजे फारच कडक दिसतात, असं म्हणत आल्या वाटेनं परत गेला.

पण ड्रायव्हर लोकांच्या पोटात काही राहत नाही. हवालदार हलत नाही ही बातमी पसरली आणि गाड्या पुन्हा सुसाट झाल्या. जाताजाता त्याला टाटा करायच्या, एवढाच काय तो फरक.

मग मास्तरांनी मशीनच्या पायडलला दोरी बांधली, छपरातून वर नेली, बाहेरच्या खांबावरच्या कप्पीतून खाली सोडली आणि हवालदाराच्या मनगटाला अडकवली. मास्तर पाय मारायचे, हवालदार हात वर करायचा. गाड्या कचकन हळू व्हायच्या. शाळा भरताना, सुटताना मास्तर मशीन सोडत नसत. शिवायला काही नसलं तर नुसतीच चालवायचे. पायांनी एवढी मजल मारली, की दुसरा कुणी असता तर जगाला वळसा घालून आला असता. मास्तर मात्र स्टुलावरून उठले नाहीत.

वर्ष उलटलं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते पुन्हा कचेरीत गेले. साहेबानं कागद उलटेपालटे केले आणि ओशाळून म्हणाला, तुमच्याकडे तर वर्षभरात साधं खरचटलंही नाही कुणाला, आता मी गतिरोधक मागू कुठल्या तोंडानं?

त्या संध्याकाळी हे ऐकून शेजारचा चहावाला चिडला. चेष्टेतच म्हणाला, "मास्तर, चार दिवस सुट्टी घ्या. साहेब आपल्या पायानं येतील."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "कुणाची पोर द्यायची, तेवढं सांग."

चहावाल्याला दोन मुली. त्यानं उगाच फडकं घेतलं आणि पुसलेलंच टेबल पुसत बसला.

पुढं एका सकाळी शाळा भरली, पोरं आत गेली, आणि मास्तर मशीनवर डोकं टेकून बसले ते उठलेच नाहीत. पोरं आत जाईपर्यंत हात वर होता, हे बघणारे पुष्कळ आहेत.

त्यांना पोचवायला अख्खं गाव गेलं. मास्तरांची एवढी गिऱ्हाइकं आहेत हे मास्तरांनाही ठाऊक नसेल. परतताना कुणीतरी म्हणालं, शाळा सुटायची वेळ झाली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढी माणसं, आणि दोरीपाशी कुणी नाही. तसेच पळत सुटलो. चहावाला सगळ्यांत पुढे, चप्पल कुठच्या कुठे.

पोचलो तर गाड्या हळू झालेल्या. हवालदाराचा हात वर जात होता, खाली येत होता.

दुकानात मास्तरांच्या स्टुलावर काकू बसल्या होत्या. सुईत दोरा नव्हता. सुईखाली तो झगा होता, आपल्या मशीनवरून काढून इथे आणलेला, आणि बिनदोऱ्याची सुई त्याच्या अर्ध्या किनारीवर नुसतीच टोचत पुढे चालली होती.

चहावाल्याला धाप लागली होती. तो म्हणाला, "काकू, दोरा संपलाय. पलीकडून आणून देतो."

काकूंनी मान वर केली नाही.

"दोऱ्यापायी कुणी रस्ता ओलांडायचा नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर पोरं दप्तरं सांभाळत रस्ता ओलांडत होती. शेवटचं पोर अलीकडे आलं, तरी काकूंचे पाय थांबले नाहीत. आम्हीही कुणी त्यांना थांबा म्हणालो नाही.