कस्तुराकाकूचे आभार

गोधड्या विकायची वेबसाइट सुरू झाली त्या दुपारी अपेक्षाच्या अंगणात मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला सुशीला आणि चहा असा बेत होता. परभणीहून संघप्रिया आली होती, कॉम्प्युटरवरचं सगळं काम केलेली कॉलेजातली मैत्रीण. शेजारचा प्रीतम होता, त्यानं कडुलिंबाच्या फांदीवर चढून वाकळांचे फोटो काढले होते. आणि त्या वाकळा जिनं शिवल्या ती कस्तुराकाकू होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या वालूर गावच्या गोधड्या आता पुण्या-मुंबईचे लोक मोबाइलवर बघून मागवणार होते. पांघरणार होते की भिंतीला टांगणार होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. अपेक्षाची आई नर्मदाबाई तेवढी उंबऱ्याशी तूर पाखडत बसली होती. रिकाम्या हातानं बसणं तिला कधी जमलंच नाही.

"आभाराचं पान वाच ना," संघप्रिया म्हणाली.

अपेक्षानं घसा साफ केला. स्वतःचं नाव आल्यावर प्रीतमनं उगाच केसांवरून हात फिरवला. शेवटी काकू होती: 'माझी काकू कस्तुराबाई यांच्या टाक्यांशिवाय हे काही उभं राहिलं नसतं. त्यांचे मनःपूर्वक आभार.' आता काकू डोळ्याला पदर लावणार, असं अपेक्षाला वाटलं. काकूनं बशी खाली ठेवली आणि ती गोठ्याकडे निघून गेली.

संध्याकाळी काकूनं भाकरी वाढली, पण ताटाकडे बघून. अपेक्षाला मनातून रागच आला. नाव घातलं तरी रुसवा, नसतं घातलं तरी रुसवा. या घरातल्या बायकांना खूश करायचं तर ब्रह्मदेवानंही हात टेकले असते.

पण राग टिकेना. काकूनं तोंड फिरवलेलं तिला लहानपणापासून सोसत नव्हतं. दिवाळी झाली की देवगाव फाट्यावरून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघायचा, त्यात आई-वडील जायचे, आणि ती मागे काकूजवळ राहायची. काका लवकर गेलेले, काकूला मूलबाळ नाही. ती दोन म्हशी बघायची आणि हिला बघायची. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिनं हिच्या वाकळेला बरोबर उशाशी येईल असा लावला होता. तो मुठीत धरून अपेक्षा झोपायची, तोंडानं मात्र काकूला हाका मारायची. गुढीपाडव्याच्या सुमाराला आई परत यायची, उन्हानं रापलेली, हातावर उसाच्या पात्यांचे चरे, आणि लेक तिला बघून काकूच्या मागं लपायची. काय दिवस होते ते. आई यायची त्या दिवशी काकू आपलं अंथरूण उचलून ओसरीवर झोपायला जायची. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

सकाळी अपेक्षा गोठ्यात गेली. काकू म्हशीपुढं कडबा टाकत होती.

"काकू, रुसलीस का गं? माझं काय चुकलं?"

"काय न्हाई बाई. लय चांगलं लिवलंस."

"मग बोलत का नाहीस?"

काकूनं पेंढी खाली ठेवली. "त्या पानावर तुझ्या आईचं नाव न्हाई. का न्हाई घातलंस?"

"आईचे कसले आभार मानायचे?" अपेक्षा बोलून गेली.

"तेच म्हणायलेय मी," काकू म्हणाली. "घरच्या लग्नात आपुन वाढायला असताव. आहेर पाव्हण्याला करत्यात, आन् मग वाटंला लावत्यात. मला आहेर केलास तू पोरी."

अपेक्षाला रडू आलं. आपण काकूला मोठा मान दिला असं समजून ती काल किती मिरवली होती. ती तिथंच चुलाण्याच्या दगडावर बसली आणि तिनं संघप्रियाला फोन लावला.

"काकूचं नाव तिथून काढ."

"काढते. पण मग त्यांना ठेवायचं कुठं?"

"माझ्याजवळ. आभार मानणाऱ्यांत. खाली लिही, आभारी, कस्तुराबाई आणि अपेक्षा."

थोड्या वेळानं पान बदललं. अंगणात येऊन अपेक्षानं ते काकूला वाचून दाखवलं. काकूनं दोनदा मान हलवली. चेहरा सैल झाला.

"म्हंजी आता मानणारी मी बी हाय?"

"हो."

"मंग माझ्याकडून एक नाव घाल." तिनं उंबऱ्याकडे बघितलं. नर्मदाबाई तिथं उरलेली तूर निवडत होती. "बाईचं घाल. लिव्ह, का तिनं आपली लेक मला दिली."

नर्मदाबाईचे हात सुपातच थांबले. इतक्या वर्षांत दोघी जावांत या गोष्टीवर एक शब्द झाला नव्हता.

"दिली न्हवती, कस्तुरा," ती खाली बघत म्हणाली. "ठिवली व्हती."

अपेक्षाला कुठं बघावं कळेना. लहानपणी काकूच्या आड लपून तिनं आईचा चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता, आणि आता बघायचा धीर होईना.

"व्हय बाई," काकू हळू म्हणाली. "ठिवलीच व्हती. परत न्यायला तू दर साली यायचीस, आन् मी तुझ्या वाटंकडं बघून भ्यायचे. ठिवली असंच लिव्ह, अपेक्षा."

अपेक्षानं तसंच लिहिलं. 'नर्मदाबाईंनी आपली लेक दर साली माझ्याजवळ ठेवली. त्यांची मी आभारी आहे. कस्तुराबाई.'

नर्मदाबाई सूप बाजूला सारून उठली, पदराला हात पुसत आली आणि लेकीच्या शेजारी टेकली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मोबाइलवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच," ती म्हणाली.

अपेक्षानं वाचलं.

"आणखी एकदा वाच."