माऊस आईच्या हातात

"आई, येतेस का आमच्या यानात?"

किर्तीने विचारलं खरं, पण विचारता विचारता मागे वळून सोनूकडे असे डोळे वटारले की बस. सोनूनेच तिला चढवलं होतं, "हिंमत है तो पूछ ना आंटीला." आणि वेणूने सोफ्यावर मांडी ठोकून, "नाही विचारणार ती. टरकते आईला," म्हणत आणखी हवा भरली होती. आता नववीतली किर्ती म्हणजे काही सातवीतली किर्ती नव्हे. सातवीतली किर्ती हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेही बाईंना ऐकू जायचं नाही. नववीतलीची कुणी हिंमत काढली की ती उठायचीच.

आणि विचारण्यात धोका तो काय? आई गेले काही शनिवार स्वयंपाकघराच्या दारात फडकं घेऊन उभी राहायची आणि "अगं, ते दार लाव ना आधी," "अगं, तो बिचारा जळतोय तिकडे," असं न विचारता सांगत राहायची. त्यावरूनच तर सोनूला हे सुचलं. आई म्हणणार, मला काय कामं नाहीत का? मुली हसणार, विषय संपणार.

आई म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येते."

यान म्हणजे लॅपटॉपवरचा गेम. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ह्या तिघी नुसतं 'यान' म्हणायच्या. लॅपटॉप उल्हासनगरचा, सोनूच्या पप्पांच्या दुकानातला, सेकंड हँड. बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे चार्जर निघाला की डोळे मिटायचा. नवे गेम त्याला झेपायचे नाहीत, यान मात्र झेपायचं. वरून पाहिलेल्या फ्लॅटच्या नकाशासारखं एक छोटंसं जहाज. ही इंजिनाची खोली, ही हवेची, ही तोफांची, मध्ये दारं, आणि आत मुंगीएवढी तीन माणसं. मागून शत्रूचा ताफा येतोय, तुम्ही एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उडी मारत पळायचं. कुठल्या ताऱ्यावर काय वाढून ठेवलंय ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. कधी चाचे, कधी दुकान, कधी मदतीसाठी ओरडणारं कुणीतरी, आणि ते खरंच अडकलंय की आपल्याला गंडवतंय, कुणास ठाऊक.

लढाई पेटली की स्पेसबार दाबायचा. सगळं जागच्या जागी थांबतं. सुटलेला गोळा अधांतरी, आग अर्ध्या भिंतीवर, आणि तुम्ही सावकाश विचार करायचा की आता कुणाला कुठे पाठवू. किर्तीचा ह्या थांबण्यावर जीव होता. बाईंनी फळ्याजवळ बोलावलं की तिला स्पेसबार हवाहवासा वाटायचा.

आणि मेलात की मेलात. मागच्या पायरीवर परत जाणं नाही, अर्धवट सोडलेलं सांभाळून ठेवणं नाही. यान गेलं, माणसं गेली, जमवलेलं सगळं गेलं. पहिल्यापासून सुरू, आणि पुढच्या वेळी तारेसुद्धा वेगळे. बाकीच्या मुली म्हणायच्या, हा कसला गेम, सारखं हरायचंच? पण ज्यांना लागला त्यांना लागला. रोज मरून रोज जरा लांब जायचं, ह्यात काय नशा आहे ते सांगता येत नाही. किर्तीला तर नव्हतंच सांगता येत. ती आपली "लय भारी आहे यार" म्हणायची.

ह्या यानानेच तिला कॅप्टन केलं होतं. सोनू तोफांचं बघायची, वेणू इंग्रजी वाचून अर्थ लावायची, पण माऊस किर्तीच्या हातात. वर्गात कुणी "ए कॅप्टन" हाक मारली की तिची मान आपोआप ताठ व्हायची. आणि शनिवारी शाळा सुटली की दोघी अंबरनाथ पूर्वेला तिच्या घरी यायच्या. तिच्या घरी. तिच्यासाठी.

त्या पहिल्या दुपारी आई दुसऱ्याच ताऱ्यावर मेली. किर्तीच्या मनात अशा काही उकळ्या फुटल्या की तिने घाईघाईने पाणी पिऊन तोंड लपवलं.

"मेलो? सगळेच?" आईने चष्मा वर सरकवला.

"हो. आता झालं," किर्ती म्हणाली. "दे माऊस."

"थांब गं. परत कसं करायचं? हे दाबू?"

आणि दाबलंसुद्धा.

आई स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती. दुकान दुपारी बंद असायचं, म्हणजे शनिवारी नेमकी घरात. पुढच्या शनिवारी किर्तीने लॅपटॉप उघडायच्या आत आई हात पुसत येऊन बसली. त्याच्या पुढच्या शनिवारी सोनूचा आधी मेसेज आला, 'आंटी है ना घर पे?' कॅप्टन आहेस ना घरी, असं नाही. आंटी! किर्तीने लिहिलं, 'आई दमली आहे, झोपेल ती.' आणि बेल वाजली तेव्हा दार कुणी उघडलं? आईने. केस विंचरून, पावडर लावून.

"आंटी, दमलात ना तुम्ही?"

"मी? छे! कोण म्हणालं?"

किर्ती तेव्हा बूट सरळ लावण्यात फार म्हणजे फारच गुंतलेली होती.

त्याच दुपारी विठाआत्याची भानगड झाली. गेममध्ये आपल्या माणसांना नावं देता येतात. किर्ती नेहमी आपली, सोनूची आणि वेणूची नावं द्यायची. आईने पहिल्याच माणसाला, खुदकन हसत, नाव दिलं विठा. विठा म्हणजे बाबांची थोरली बहीण, जी प्रत्येक कार्यात आईच्या भाजीत मीठ कमी असल्याचं मंडपभर सांगते. थोड्या वेळाने तोफांच्या खोलीत आग लागली.

"आंटी, आग! किसको भेजें?"

"विठावन्संना पाठव," आई शांतपणे म्हणाली. "त्यांना सगळ्यातलं सगळं येतं."

सोनू सोफ्यावरून खाली घसरली. वेणू हसता हसता उचक्या द्यायला लागली. "काकू, त्या जळतायत! अर्ध्या जळल्या!"

"अगं बाई, मग काढा त्यांना बाहेर. असं कर, ते बाहेरचं दारच उघड. हवा गेली की आग विझेल ना आपोआप?"

हवा सोडून आग विझवायची ही युक्ती किर्तीची होती. दिवाळीच्या सुट्टीत कितीतरी यानं जाळून तिने ती शोधली होती, आणि दोघींना शिकवली होती तेव्हा केवढी ऐट केली होती! आईला बसल्या बसल्या सुचली. वर सोनू आईला टाळी देत म्हणाली, "आंटी, आप तो बॉस हो."

"मी सांगितलं होतं हे," किर्ती म्हणाली. "दिवाळीतच सांगितलं होतं."

"हो गं," वेणू म्हणाली, तिच्याकडे न बघता.

आईवर कुणी जळतं का? किर्तीने स्वतःला बजावून पाहिलं. सोनूवर जळणं समजू शकतं, तिचे केस सरळ आहेत. वेणूवर जळणं समजू शकतं, तिला गणितात पैकीच्या पैकी पडतात. पण आई? जिच्या हातचं खाऊन आपण वाढलो ती? तरी पण रात्री आई पोळ्या लाटताना "काय गं, तो निळा चाचा लागला की आधी तोफा फोडायच्या की इंजिन?" असं विचारायची, तेव्हा किर्तीला चक्क खोटं सांगावंसं वाटायचं. एकदा सांगितलंही. आईने ते ऐकलं, नाकारलं, आणि जे बरोबर होतं तेच केलं.

मग तो शनिवार आला.

अंबरनाथला लाईट जाते ती शुक्रवारी. हे इतकं ठरलेलं की शुक्रवारी लोक सकाळीच मिक्सर फिरवून घेतात. पण त्या आठवड्यात शनिवारी सकाळी वीज खात्याचा मेसेज आला, की काम शुक्रवारी होऊ शकलं नाही, आज दुपारी पुरवठा बंद राहील. मीटरला नंबर किर्तीचा दिलेला होता, कारण बाबा मेसेज वाचत नाहीत आणि आईला दुकानात फोन बघायला देत नाहीत. मेसेज वाचायचा आणि घरात ओरडून सांगायचं, हे किर्तीचं काम.

तिने वाचला. ओरडली नाही.

विसरले, असं ती नंतर स्वतःला सांगणार होती. पण दुपारी आई यान घेऊन अशा ठिकाणी पोचली जिथे किर्ती कधीच पोचली नव्हती. शेवटचं मोठं जहाज समोर उभं होतं. सोनू नखं खात होती. वेणू हळू आवाजात वाचून दाखवत होती. आईने स्पेसबार दाबला, बोटं मोडली, आणि कुणाला कुठे पाठवायचं ते पुटपुटत ठरवलं. त्या शांततेत किर्ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. विसरलेली मुलगी घड्याळाकडे बघत नाही.

आईने पुन्हा स्पेसबार दाबला. गोळे सुटले. मोठ्या जहाजाची एक बाजू फुटली. सोनू किंचाळली, "आंटीऽऽऽ!"

आणि पंखा मंदावला. स्क्रीन काळा झाला.

लढाईच्या मध्येच बंद पडलं की यान गेलं असंच तो गेम धरायचा. हे चौघींनाही माहीत होतं. आईचा हात माऊसवर तसाच होता आणि तिचा चेहरा, अगदी क्षणभर, दुकानातून उशिरा आल्यावर होतो तसा झाला.

"पण आज तर शनिवार आहे," आई म्हणाली.

समोरच्या बनूबाईंनी जाळीच्या दारातूनच उत्तर दिलं. "अगं यशोधरा, मेसेज नाही का आला तुमच्याकडे? सकाळीच आला की सगळ्यांना!"

आईने किर्तीकडे पाहिलं. फार वेळ नाही. किर्तीला वाटलं आता स्पेसबार दाबावा आणि कायमचं असंच थांबावं.

"आमच्याकडे नेट धड नसतं हो," आई दाराकडे बघून म्हणाली. "नसेल आला."

हे तर फारच झालं! रागावली असती तर बरं, किर्ती भांडली असती. आता आई खेळातही वरचढ आणि चांगुलपणातही.

"आंटी, रोना नहीं आ रहा आपको?" सोनूच्याच डोळ्यांत पाणी होतं. "आप जीत रहे थे!"

"रडू कसलं त्यात?" आई पदराने वारा घेत म्हणाली. "अगं, बाहेर काही पुसलं जातं का कधी? सकाळची भांडी घासावी तर दुपारची तयार. विठावन्संनी माझ्या लग्नात जे ऐकवलं ते अजून तसंच घरात बसलंय. इथे कसं, धडाम झालं की पाटी कोरी. नवं यान, नवे तारे. कुणी विचारत नाही मागच्या वेळी काय दिवे लावलेत. आणि आपण मात्र जरा शहाणे झालेलो असतो. मला तर ते पहिलं पान आलं ना, की इतकं बरं वाटतं!"

वेणू कान देऊन ऐकत होती. सोनूने तर आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. आणि किर्ती गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या टॉवेलांमध्ये उभी राहिली, कारण जे तिला वर्षभर सांगायचं होतं आणि 'लय भारी'च्या पुढे नेता आलं नव्हतं, ते आईने वारा घेता घेता सांगून टाकलं होतं. तिचंच होतं ते! तिच्याच मनातलं! डोळे चुरचुरत होते. टॉवेलाने पुसले.

थोड्या वेळाने वेणू पडदा सारून आली. "कॅप्टन, आम्ही निघतो."

"कॅप्टन आत आहे."

"ए, येडी आहेस का?" वेणूने तिच्याकडे नीट पाहिलं. "काकूंशी खेळायला मजा येते गं. पण तू हल्ली खेळतच नाहीस. नुसती बघत बसतेस. तू आधी कसली भांडायचीस माऊससाठी!"

त्या गेल्या. आनंदनगरच्या कंपनीतून पहिली पाळी करून बाबा आले. आईने चहा टाकला. लाईट अजून आली नव्हती. तिघंही गॅलरीच्या उजेडात कप घेऊन बसली, आणि बाबांना सुद्धा कळलं की काहीतरी बिनसलंय.

"काय रे, मॅच हरलात का?"

किर्तीने कप खाली ठेवला आणि उभी राहिली. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"मेसेज मला आला होता. सकाळीच. मी मुद्दाम नाही सांगितला."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"का गं असं?" बाबा.

"कारण आई जिंकत होती!"

"अगं, मग चांगलंच की. आईच जिंकत होती, शेजारीण तर नाही."

"शेजारीण असती तर चाललं असतं!" किर्तीचा आवाज इतका चढला की समोरचं जाळीचं दार किलकिलं झालं. "सगळं तिलाच येतं. माझ्या मैत्रिणी तिला टाळ्या देतात. मला खूप राग येतो तिचा, आणि ती माझ्यावर रागवतसुद्धा नाही!"

"रागावले होते," आई म्हणाली. "चांगली रागावले होते. त्या पोरींसमोर काय बोलू?" तिने चहाचा घोट घेतला. "जिंकले असते गं मी."

हे ऐकून किर्तीला का कोण जाणे, पण एकदम हुशारी आली. म्हणजे आईलाही लागलं होतं. म्हणजे तिलाही जिंकायचं होतं, इतकं, की चहा पितानासुद्धा बोचत होतं. अशा माणसाशी लढता येतं.

"ऐका दोघंही, मी ठरवलंय," ती म्हणाली. "गेममध्ये एक नंबर टाकला की दोघांना सेम तारे मिळतात, सेम चाचे, सेम सगळं. पुढच्या शनिवारी मी आणि आई. आधी एकीने खेळायचं, तोवर दुसरी बनूबाईंच्या घरात, तिकडून डोकवायचं नाही. जी लांब जाईल ती कॅप्टन. आई, आठवडाभर तू पण सराव कर, मी पण करणार, आणि मला विचारलंस तर मी खरं सांगेन, चाच्यांचं सुद्धा. बाबा, त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक तुमचा, कारण आम्हाला वेळ लागणार आहे. आणि आई, आधीच सांगून ठेवते, तू आई आहेस म्हणून मी तुला सोडणार नाहीये. अजिबात."