योग्य त्या सौम्य शब्दांत

पाणीपुरवठा कचेरीत तक्रारी नोंदवण्याच्या कामात तो बावीस वर्षं मुरला होता. कोणी लिहावं, ‘तुमच्याकडे माणसं बसतात की पोती,’ की तो वहीत उतरवायचा, ‘ग्राहकाने कामाच्या वेगाबाबत सूचना केली आहे.’ साहेबांचा शेरा ठरलेला: योग्य त्या सौम्य शब्दांत उत्तर द्यावे. साहेब खूश, ग्राहक गार. पाणी येत नसे, पण तो त्याचा विभाग नव्हता.

चाळिशी उलटल्यावर त्याने परदेशी बायको केली आणि घरीही हाच विभाग उघडला. आईला सुनेची भाषा येत नव्हती, सुनेला आईची. मधे हा. पहिल्याच दिवशी आईने विचारलं, “ही किती दिवस राहणार?” त्याने बायकोला सांगितलं, “आई म्हणते, घर तुझंच समज.” बायको म्हणाली, “तुझी आई माझ्याकडे जुन्या बाजारातल्या कपाटाकडे बघावं तशी बघते.” त्याने आईला सांगितलं, “तिला तुझी घराची मांडणी आवडली.” आठ महिने घरात आवाज चढला नाही. लोक त्याला नशीबवान म्हणत आणि तोही नाही म्हणत नसे.

बायकोचा राहण्याचा परवाना संपायला वीस दिवस उरले. तो वाढवायचा तर लग्न खरं आहे हे परदेशी नागरिकांच्या कचेरीला पटायला हवं. नाही पटलं तर तिने बॅग भरायची. तिघांनाही बोलावणं आलं. जबाब वेगवेगळ्या खोल्यांत, आणि दुभाषी सरकारी. समोरच्याला शिंक आली तरी तिचा अनुवाद करील, अशी बाई.

तासाभराने तिघांना एका टेबलापाशी बसवलं. अधिकारीबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

“आजी, तुम्ही म्हणता सुनेला शिवणाचं वावडं आहे.”

“आहेच. घरात माझं मशीन आहे, पण कधी फिरकत नाही तिकडे.”

“आणि या म्हणतात, वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तुमचं बिघडलेलं मशीन दुरुस्त करून देते म्हटलं, तर तुम्ही नको म्हणालात.”

“बिघडलंय? कोण म्हणतं?”

दुभाषीने हेही सुनेला सांगितलं.

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. “एकाच घरात राहता ना तिघं? नाही, विचारते आपली. असे जबाब खोट्या लग्नवाल्यांचे असतात.”

दोघी एकाच वेळी त्याच्याकडे बघू लागल्या. आठ महिन्यांत त्यांनी एकत्र केलेली ही पहिलीच गोष्ट.

“आई म्हणाली होती, मशीनला हात लावायचा नाही,” तो पुटपुटला. “हिला वाईट वाटेल, म्हणून मी बिघडलंय म्हटलं. तर ही दुरुस्त करते म्हणाली. मग हिला सांगितलं, आई नको म्हणते, आणि आईला सांगितलं, हिला आवड नाही.”

“आणखी?” अधिकारीबाईंनी पेन उचललं.

आणखी बरंच होतं. बायकोने भाषेच्या वर्गाचा अर्ज तीनदा भरून दिला होता. ‘वर्ग भरलाय’ असं सांगून त्याने तिन्ही अर्ज कचेरीच्या ड्रॉवरमध्ये शिक्क्याखाली सरकवले होते. ती बोलायला शिकली असती तर विभागच बंद पडला असता.

सगळ्यात वाईट निघालं ते तापाचं. बायको तापाने फणफणली होती, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, “विचार तिला, पाय चेपून देऊ का.” त्याने सांगितलं होतं, “आई म्हणते, गोळी घे.”

“यात काय सौम्य करायचं होतं?” अधिकारीबाईंनी विचारलं.

बावीस वर्षांत त्याला शब्द कमी पडले नव्हते. “मला वाटलं,” तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, “ही हसेल. आईला गावंढळ समजेल.”

गावंढळला बायकोच्या भाषेत नेमका शब्द होता. दुभाषीने तो बरोबर काढला. आईने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. बायको आईच्या चपलांकडे बघत राहिली. त्याचे कान असे तापले, की आता गोळी त्यालाच लागली असती.

“पंधरा दिवसांत लेखी आणा,” अधिकारीबाई म्हणाल्या. “कोण काय म्हणालं आणि तुम्ही काय सांगितलंत, जसंच्या तसं. मग बघू लग्न कोणाचं आहे ते.”

परतीच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या. पुढची जागा रिकामी होती, तरी तो उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर सतरावं पान लिहीत होता. आईने मशीनवरचं कापड ओढून काढलं आणि स्टूल पायाने सुनेकडे सरकवलं.

“तिला म्हणावं, बस. टाका वाकडा आला तर उसवायला लावीन. सांग. आणि तुझी साखर नको त्यात.”

त्याने सांगितलं, उसवण्यासकट. बायको बसली, चाक फिरवलं, दोऱ्याची गुंडी उजेडात धरली आणि काहीतरी म्हणाली. ‘रंग छान आहे’ हे त्याच्या जिभेवर आपोआप आलं. त्याने ते गिळलं. गिळताना दुखलं.

“ती म्हणते, दोरा हलका आहे.”

आईने गुंडी हातात घेतली, दोरा ताणून तोडून पाहिला.

“हलकाच आहे,” ती म्हणाली. “तूच आणलास.”

त्याने मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.