वरच्या ओळीतलं नाव

“तुम्ही वारलायत, मिस्टर लॉन्झो,” वर्नेल म्हणाली. तिने नजर काही वर उचलली नाही.

अलॉन्झो टॉलिव्हरने टोपी काढून छातीशी धरली. कुणी गेल्याचं कळलं की त्याचा हात आपोआप टोपीकडे जायचा. पंचावन्न वर्षं कबरी खणणाऱ्याची सवय ती. मग बातमी आपलीच आहे हे ध्यानात आल्यावर त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“कधी?”

“तारखा... बऱ्याच आहेत.”

“बऱ्याच म्हणजे?”

मतदारयादी तपासायला बसलेली वर्नेल समोरच्या पाटीएवढ्या पडद्यावर बोट फिरवू लागली. फिरवता फिरवता बोट दुखलं असावं, तिने हात बदलला.

“चारशे बारा,” ती म्हणाली.

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. रांग अग्निशामक बंबाच्या शेडमधून निघून, रस्ता ओलांडून, पार कापसाच्या जिनिंगपर्यंत गेली होती. ओकाहोला काउंटीत पूर्वी मतदानाची पाच केंद्रं होती. खर्च परवडत नाही म्हणून चार बंद केली. ती चार कुठल्या वस्त्यांमधली होती, हे सांगायला ज्योतिषी नको. मागच्या खेपेला या रांगेत एका जोडप्याची ओळख झाली आणि दारापाशी पोचेपर्यंत साखरपुडाही उरकला, असं सांगतात. अलॉन्झोने अंगठी स्वतः पाहिली होती.

“मेलास तर मेलास लॉन्झो, पण मला घरी सोडल्याशिवाय जाऊ नकोस!” दाराजवळून मिस ओला पिकेट ओरडली. वय चौऱ्याण्णव, समोर चाकांचा वॉकर, कोटावर नुकताच मिळालेला ‘मी मत दिलं’चा गोल कागदी बिल्ला. अलॉन्झोला रविवारच्या शाळेत बायबल तिनेच शिकवलं होतं आणि तो शहात्तर वर्षांचा झाला तरी तिच्या लेखी अजून पाठांतर न करणारा पोरगाच होता. “आणि चारशे बारा वेळा मेलास म्हणतात, तर दर रविवारी चर्चमध्ये इतकं बेसूर गातं कोण?”

आता रांग मोकळेपणाने हसली. अलॉन्झोही हसला. वर्नेल मात्र हसली नाही. ती त्याच यादीत खाली काहीतरी वाचत होती.

“मिस्टर लॉन्झो,” ती हळूच म्हणाली, “माझी आई आहे यात. जिवंत.”

अलॉन्झोचं हसू ओसरलं. वर्नेलच्या आईची कबर त्यानेच खणली होती, सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. दोन पाइन झाडांच्या मुळ्या तोडाव्या लागल्या होत्या. शेवटी वर्नेलने मूठभर लाल माती टाकली तेव्हा तिचा तोल गेला, आणि तिला सावरलं ते खड्ड्याच्या कडेला उभ्या असलेल्या अलॉन्झोनेच.

“काय अडचण आहे?” केंद्रप्रमुख ब्रँटली जवळ आला. पस्तिशीचा, गोरा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात फीत. “अलॉन्झो, लोक खोळंबलेत.”

“मिस्टर टॉलिव्हर म्हणायचं,” मिस ओला दारातून म्हणाली. “मेलेल्या माणसाला तरी मान द्यावा, बाळा.”

ब्रँटलीचे कान लाल झाले. त्याने पडदा स्वतःकडे वळवला, दोनदा टकटक केली आणि अलॉन्झोकडे फिरवला. “हे बघा. कागदोपत्री पुरावा आहे.”

पडद्यावर एका पिवळट चिठ्ठीचा फोटो होता. अक्षर अलॉन्झोने तत्काळ ओळखलं. ओळखणारच, त्याचं स्वतःचं होतं.

ती माउंट नेबो या काळ्यांच्या चर्चच्या दफनभूमीतली चिठ्ठी होती. या चिठ्ठ्या छापून घेतल्या जुन्या पाद्र्याने, रेव्हरंड मोझलीने, अलॉन्झोच्या जन्माच्याही आधी. म्हातारा मोठा हट्टी. तो म्हणायचा, या काउंटीतलं कोर्ट आपल्या माणसांनी बांधलं, पूल आपल्या माणसांनी बांधला, आणि संगमरवरी पाटीवर नावं कुणाची, तर उभं राहून बघणाऱ्यांची. आपल्या कागदावर हे चालणार नाही. आपल्याकडे राबणाऱ्या हाताचं नाव पहिलं. म्हणून चिठ्ठीत सगळ्यात वरच्या ओळीत कबर खणणाऱ्याचं नाव, त्याखाली मयताचं, त्याखाली तारीख. वरच्या ओळीसमोर काही छापलेलंसुद्धा नव्हतं. माउंट नेबोत सगळ्यांना ठाऊकच होतं, छापायचं कशाला?

अलॉन्झोने पहिली चिठ्ठी भरली एकविसाव्या वर्षी. तेव्हापासून तिथली प्रत्येक कबर त्याने फावड्याने खणली, कारण दाटीवाटीत यंत्र शिरत नाही. त्याच्या खड्ड्याचे कोपरे इतके काटकोनी, की सरकारी मोजणीदार म्हणे आपली उपकरणं तपासायला तिकडे येत. आणि दर वेळी काम झालं की हात पुसून तो वरच्या ओळीत पूर्ण नाव लिही: अलॉन्झो जेम्स टॉलिव्हर.

गेल्या वर्षी राजधानीतल्या साहेबांनी मतदारयादी धुऊन काढायचं ठरवलं. मेलेली माणसं मतं देतात, अशी आवई होती. शोधूनही असा एक मेलेला सापडला नव्हता, पण आवई कुठे पुराव्यावर जगते? मग कुठल्याशा परराज्यातल्या कंपनीला कंत्राट दिलं. तिच्या यंत्राने सगळ्या दफनभूमींचे कागद गिळले. माउंट नेबोच्या कागदांतलं वरचं नाव त्याने उचललं, खालचं सोडलं. गोऱ्यांच्या दफनभूमीत कागद वेगळे, त्यावर खणणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नाही. तिकडे मेलेली माणसंच मेली होती.

“ही मी खणलेली कबर आहे,” अलॉन्झो म्हणाला. “खाली बघा. एडना क्रेस्पी. मेली ती. मी नाही.”

“मी तुमचं म्हणणं ऐकतोय, सर.”

“ऐकताय ना? मग मेलेला बोलतोय कसा?”

“यादी बदलायचा अधिकार मला नाही. तुम्ही तात्पुरती मतपत्रिका भरा. तीन दिवसांत कोर्टातल्या निवडणूक कचेरीत येऊन हयात असल्याचं सिद्ध केलंत, तर मत धरलं जाईल.”

अलॉन्झोने रांगेकडे वळून पाहिलं. तीनशे माणसं तरी असतील. त्यांतल्या निम्म्यांच्या आईबापांना त्याने माती दिली होती. “यांना विचारा ना. हा कोण आहे म्हणून विचारा!”

“मिस्टर लॉन्झो आहेत ते!” रांगेतून एकदम दहा आवाज आले.

“कागद लागतो,” ब्रँटली म्हणाला.

अलॉन्झोने मतपत्रिका भरली, पाकिटात घालून चिकटवली. वर्नेलने सवयीने बिल्ल्यांच्या गुंडाळीतला एक सोडवून पुढे केला. ब्रँटलीने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. “तो मत दिलेल्यांसाठी आहे.”

वर्नेलने बिल्ला परत ठेवला नाही. बोटावर चिकटलेला तसाच राहू दिला आणि पुढच्या दोन माणसांची नावं तिने चुकीची वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलॉन्झो काळा सूट घालून कोर्टात गेला. हे कोर्ट त्याच्या ओळखीचं. त्याची आई मॅटी मतदार म्हणून नाव घालायला इथेच आली होती. तेव्हाच्या कारकुनाने तिला काउंटीतल्या सगळ्या न्यायाधीशांची नावं विचारली. तिने सांगितली. मग त्यांच्या बायकांची विचारली. तीही सांगितली, कारण त्या सगळ्यांचे कपडे तीच धूत होती. मग कारकुनाने त्यांच्या कुत्र्यांची नावं विचारली. मॅटीने पाच कुत्री सांगितली, सहाव्यापाशी अडली. सहावं त्याच आठवड्यात आणलेलं होतं. पुढच्या सोमवारी तिच्याकडे धुवायला एकही कपडा आला नाही. तरी ती पुन्हा गेली, सहाही नावं पाठ करून. तिचं नाव लागलं, पाठोपाठ अलॉन्झोचंही लागलं, आणि त्यानंतर एकही निवडणूक त्याने चुकवली नाही. बिल्ले निघाल्यापासूनचे सगळे त्याच्या फावड्याच्या दांड्यावर एकाखाली एक चिकटवलेले होते, वरून वॉर्निश मारलेले.

खिडकीत ब्रँटलीच होता. त्याने एक अर्ज पुढे सरकवला. “सोपं आहे. ज्या दफनभूमीत नोंद आहे, तिथल्या व्यवस्थापकाने लिहून द्यायचं की सदर व्यक्ती इथे पुरलेली नाही.”

“व्यवस्थापक मीच आहे.”

“मग तर आणखी सोपं.”

अलॉन्झोने खिशातला चष्मा काढला, सावकाश अर्ज भरला. ‘अलॉन्झो जेम्स टॉलिव्हर माझ्या दफनभूमीत नाही. मी शोधलं.’ खाली सही केली.

ब्रँटलीने सही वाचली. पडदा पाहिला. पुन्हा सही वाचली.

“ही सही चालणार नाही, सर.”

“का?”

“सही करणारा यादीनुसार मयत आहे.”

बाकावर बसलेला एक शेतकरी खो खो हसत सुटला आणि अलॉन्झोचा चेहरा दिसताच गप्प झाला.

“मिस्टर ब्रँटली,” अलॉन्झो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण काचेमागच्या दोन बायकांनी टाइप करणं थांबवलं. “माझ्या आईला इथे कुत्र्यांची नावं विचारली होती. तो माणूस हरामखोर होता, पण निदान ती समोर उभी आहे हे त्याला दिसत होतं. तुम्हाला मी दिसतोय का?”

ब्रँटली पडद्याकडे बघत म्हणाला, “मी फक्त नियम सांगतोय.”

“मला बघून सांगा.”

ब्रँटलीने नाही बघितलं. त्याने पुढचा नंबर पुकारला.

दहा दिवसांनी पत्र आलं. अलॉन्झो ते घेऊन मिस ओलाकडे गेला. ती स्वयंपाकघरात मक्याचा पाव ताकात कुस्करून खात होती. तिला दिसत कमी असल्यामुळे त्याने मोठ्याने वाचलं.

“‘दिवंगत मिस्टर अलॉन्झो टॉलिव्हर यांच्या वारसांस. तात्पुरती मतपत्रिका मतदार मयत असल्याच्या कारणावरून मोजण्यात आलेली नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’”

मिस ओला बराच वेळ चमचा चाटत राहिली.

“तुझ्या नावाआधी मिस्टर लावलं बघ त्यांनी,” ती म्हणाली. “त्यासाठी मरावं लागलं.”

अलॉन्झो हसायला गेला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. त्याने टेबलावर मूठ आपटली. ताकाचा पेला आडवा झाला. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईच्या घरात त्याने आवाज चढवला नव्हता कधी, आता ओरडला, “मी चारशे बारा माणसं पुरली, मिस ओला! एकाचंही नाव चुकलं नाही माझं! एकाचंही!”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “फडकं घे. पूस ते.”

त्याने पुसलं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधीच्या रविवारी मिस ओला झोपेतच गेली. अलॉन्झोने सोमवारी पहाटे खणायला घेतलं आणि दुपारपर्यंत खणत राहिला. कोपरे नेहमीसारखेच. पेटी खाली सोडण्याआधी झाकण एकदा उघडलं, तेव्हा दिसलं की तिच्या पांढऱ्या पोशाखावर कुणीतरी तो गोल बिल्ला लावलाय. तिचं मत मोजलं गेलं होतं. तो तिने घालून जावा असाच होता.

माणसं पांगली. वर्नेल झाडाला टेकवलेल्या फावड्यापाशी थांबली. दांड्यावरच्या बिल्ल्यांच्या रांगेत खाली एक जागा मोकळी होती. तिने पर्समधून त्या दिवशीचा बिल्ला काढला, जरा घुटमळली.

“नको,” अलॉन्झो म्हणाला. “दिलं तेव्हा लावीन.”

नवा पाद्री, रेव्हरंड हॅस्किन्स, चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन आला. तरुण, भला माणूस. कोर्टात अपील करू म्हणून वकिलाशीही बोलून आला होता. “ब्रदर टॉलिव्हर, वकील म्हणतात तूर्त वरची ओळ कोरी सोडा. नाहीतर ते तुमचा आणखी एक मृत्यू धरतील. पुढच्या खेपेला अडचण नको.”

अलॉन्झोने विजारीला हात पुसले. पुस्तक गुडघ्यावर घेतलं. आधी खालच्या ओळीत लिहिलं: ओला रूथ पिकेट. मग तारीख. मग पेन्सिलीचं टोक ब्लेडने पुन्हा तासलं.

“ब्रदर,” पाद्री म्हणाला.

वरच्या ओळीत त्याने पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, ठळक, पेन्सिल दाबून. चिठ्ठी फाडून पाद्र्याच्या हातात दिली.

पुस्तकात खाली उरलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर, आणि तिच्याही खालच्या चिठ्ठीवर, नाव उमटलेलं होतं. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही वाचता आलं असतं.