उजेडबाबा आणि रूपाचा लंगोट

जिनिंग मिलच्या शेडमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे शेड रिकामी होती. ती उजेडबाबांनी दोन बैठकांसाठी मागून घेतली होती. शटरं अर्धी खाली ओढलेली, आत अंधार, आणि त्या अंधारात बाबांच्या तळहातावर उभा केलेला बल्ब लख्ख पेटलेला. ना वायर, ना होल्डर, ना बटण!

"बघा, वाकून बघा, खालून बघा!" बाबा हात गोल फिरवत होते. "मीटर नाही, बिल नाही. ही आत्म्याची वीज! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी माझा हात तपासला, बोटं मोजली, पाचच भरली. बिचारे रडत विमानात बसले!"

मग भक्तांची पाळी. सेवेकरी तांब्यातलं तीर्थ तळहातावर घालायचा, बाबा बल्ब टेकवायचे आणि फक्कन उजेड पडायचा. म्हाताऱ्या धुरपदाबाईंच्या हातावर पेटला. शालिग्राम नानांच्याही हातावर पेटला. नाना आयुष्यभर दुधात पाणी घालत आले होते, त्यामुळे त्यांचा आत्मा शुद्ध निघाल्यावर शेडमध्ये थोडी कुजबुज झाली.

सारिका सासूच्या मागे उभी होती. कडेवर पाच महिन्यांची रूपा. पोर आठवडाभर संध्याकाळ झाली की किरकिर करायची, म्हणून तानुबाईंनी सुनेला इथं आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पोटात वारा धरतो, होईल कमी. पण डॉक्टरीणबाईंच्या हातावर काही बल्ब पेटत नव्हता.

"लेकुरवाळीला तीर्थ नको," बाबा म्हणाले. "भस्म लावा."

सेवेकऱ्याने तिच्या तळहाताला कोरडी राख चोळली. बल्ब टेकवला. अंधार! पुन्हा टेकवला. अंधारच!

बाबांनी डोळे मिटले. "दुधात दोष आहे. एकवीस दिवस लेकराला अंगावर पाजायचं नाही. शेळीचं दूध द्या आणि लेकरू आजीजवळ झोपवा. शुद्धीचा ताईत दुपारच्या बैठकीत मिळेल."

सारिकाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. तानुबाईंनी तिच्या कडेवरून रूपाला उचललं.

"बठ्ठास्ना हातमा पेटना, तुनाच हातमा का नही पेटना?" सगळ्यांच्या हातावर पेटला, मग सुनेच्याच का नाही, हे त्यांनी घरी येईपर्यंत चारदा विचारलं. सारिकाने नवऱ्याला, योगेंद्रला, फोन लावला, तर तो जळगावला पाइपच्या कारखान्यात पाळीवर. फोन बंद.

बारा वाजले. एक वाजला. रूपाने शेळीचं दूध वाटीसकट उडवलं. आतल्या खोलीत ती टाहो फोडायची आणि इकडे सारिकाचं पोलकं भिजायचं. छाती दगडासारखी झाली होती.

"आत्याबाई, एकदाच घेऊ द्या ना."

"एकवीस दिन, माय. पोरना जीवशी खेळ नको," तानुबाईंचा आवाजही रडवेला झाला होता. त्यांनी दाराआडून एक ओला लंगोट पुढे केला. "हाई धुई टाक."

दूध बाटलं होतं, पण लंगोट धुवायला हात बाटले नव्हते!

सारिकाला हसू आलं आणि त्या हसण्यानं डोकं ताळ्यावर आलं. लग्नाआधी ती पाचोऱ्याला आठवीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घ्यायची. मुलांना ती एकच गोष्ट घोकायला लावायची: एकाच्या बाबतीत घडलं, दुसऱ्याच्या बाबतीत नाही, तर दोघांत फरक काय ते आधी शोधा.

फरक काय? आज तिघींच्या हातावर बल्ब पेटला नव्हता. ती, गुडघेदुखीवाली कोकिळाकाकू आणि लग्न न जमणारी दिपमाला. तिघींनाही तीर्थ दिलं नव्हतं, नुसती कोरडी राख! त्यात तिच्या हाताला सकाळी रूपाला मालिश केलेलं तिळाचं तेल. आणि तीर्थ? प्रसाद म्हणून ते जिभेवर ठेवणाऱ्या धुरपदाबाई म्हणाल्या होत्या, "खारं शे वं!"

तिने ओसरीकडे पाहिलं. तिथे मिश्रीलाल शेठच्या दुकानातून आणलेला चार्जिंगचा बल्ब होता, लाइट गेली तरी जळणारा. आणल्यापासून तो होल्डरमध्येच होता. त्याचं बूड कुणी पाहिलंच नव्हतं. तिने बटण बंद केलं, बल्ब काढला आणि तेलकट तळहातावर उभा केला. काही नाही. मग ओल्या लंगोटावर टेकवला.

ओसरी उजळली.

चार वाजता शेडमध्ये सकाळपेक्षा जास्त गर्दी. तानुबाई रडून थकलेल्या रूपाला घेऊन पुढे बसल्या होत्या. सारिका घडी केलेलं एक कापड दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"महाराज, माणसाचं नको. या वस्त्रात दोष आहे का, एवढं बघा."

बाबा खूश झाले. त्यांनी बल्ब टेकवला. फक्कन पेटला, असा की पुढच्या रांगेचे डोळे दिपले.

"अहाहा!" बाबांनी कापड कपाळाला लावलं. "परम पवित्र वस्त्र! कोणत्या देवस्थानचं, बेटी?"

"देवस्थान तुमच्यासमोरच बसलंय, महाराज. माझ्या लेकीचा लंगोट आहे. तिनंच ओला केलाय."

सगळ्यांच्या माना लंगोटाकडे वळल्या. मग शालिग्राम नाना असे हसले की त्यांची टोपी पडली.

"थट्टा करते! बाधाच बोलते आहे!" बाबा कपाळ पुसत ओरडले.

सारिकाने पिशवीतून घरचा बल्ब काढला. "आत्याबाई, हात पुढे करा. पदराला पुसा, अगदी कोरडा. त्यावर थोडं तेल लावते. पेटला?"

"नही पेटना."

"आता पुसून या तांब्यातल्या तीर्थात बुडवा. पेटला?"

तानुबाईंच्या तळहातावर त्यांच्याच ओसरीचा बल्ब जळत होता. त्यांनी तो उलटा करून बूड पाहिलं.

"आत बॅटरी आहे," सारिका म्हणाली. "बुडाला धातूचे दोन ठिपके आहेत. त्या दोघांत विजेला थोडीशी जरी वाट मिळाली, तरी बल्बला वाटतं बटण चालू आहे पण लाइट गेलीय, आणि तो बॅटरीवर पेटतो. तीर्थाचं खारं पाणी ती वाट देतं, कोरडी राख अन् तेल देत नाही. मुतातही मीठ असतं. म्हणून लंगोटाला पुण्य लागलं अन् मला पाप. आणि हो, भिंतीतल्या होल्डरला मात्र ओला हात कुणी लावू नका. तिथली वीज जीव घेते."

शेडमधले हात एकामागून एक तांब्यात बुडू लागले. दिपमालाच्या हातावर बल्ब पेटला, तशी ती रडत रडत हसली. बाबा मागच्या शटरखालून वाकून बाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी बोदवडला ठरलेली त्यांची बैठक झालीच नाही.

तानुबाई उठल्या. सुनेच्या नजरेला नजर न देता त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिची लेक तिच्या मांडीवर ठेवली. "ले, तुनी आंडेर. पाज तिले." आणि पदर पसरून त्या आडोशाला उभ्या राहिल्या.

रूपाने तोंड लावलं. दोन घोट घाईघाईने, मग एक लांब उसासा, मग सावकाश. तिची मूठ आईच्या पोलक्यावर उघडली.

ज्यानं आईपासून लेकरू तोडायला सांगितलं, त्याला आधी कारण विचारायला हवं होतं. कुणी कितीही लख्ख उजेड पाडो, हात जोडण्याआधी एकदा विचारावं, की माझा हात ओला कशाला केला? आणि शेजारणीचा कोरडा का ठेवला? एवढं विचारायला मोठी पदवी लागत नाही. तानुबाई आता ओसरीतला बल्ब मधूनमधून काढतात आणि आल्यागेल्याला बूड दाखवतात. रूपा अजूनही संध्याकाळी थोडी किरकिरते. तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली की ढेकर येतो आणि झोप लागते.