रेंज नसली तरी

घड्याळाचा नऊचा आकडा चौकोनाबाहेर कापला गेला होता. निळा चौकोन, आत पांढरं घड्याळ, आणि तो बरोबर फोनवरच्या खंडोबाच्या फोटोच्या कपाळावर बसलेला. ॲपचा आयकॉन आपणच केला, तेव्हा कसं दिसलं नाही... जान्हवीने अंगठ्याने काच पुसली. पुसून आकडा थोडाच आत येणार होता!

फोन शुभांगीचा होता. खालच्या घरमालकांची सून. ‘बगा काय झालंय त्याला,’ म्हणून सकाळी टेबलावर ठेवून गेली होती.

समोर लॅपटॉपवर तोच परिच्छेद, तिसऱ्यांदा. ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप : सोपी ओळख.’ नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला वरिष्ठांना, म्हणजे अमोघला, आजच हवा होता. ‘हे ॲप म्हणजे मुळात वेबसाइटच. ब्राउजरमध्ये उघडायची, होम स्क्रीनवर ठेवायची, झालं. नाव, रंग, चित्र एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. मागे सर्व्हिस वर्कर नावाची स्क्रिप्ट राखणीला असते. ॲपने मागितलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हातून जाते, एकदा आलेली पानं ती फोनमध्येच साठवते, आणि म्हणून रेंज नसली तरी—’

इथेच घोडं अडत होतं.

रेंज नसली तरी चालतं. हेच तर ती बोलली होती, तीन महिन्यांपूर्वी, इथेच भरे गावात, खालच्या ओट्यावर. शुभांगी उरवड्याच्या ज्या कारखान्यात पॅकिंगला जाते, त्यांनीच कामाच्या पाळ्यांचं ॲप जान्हवीच्या कंपनीकडून करून घेतलं होतं, आणि जान्हवीला कोण आनंद—आपलं काम आपल्याच घरमालकिणीच्या सुनेच्या हातात! तिने शुभांगीचा फोन घेतला, नेट बंद केलं, ॲप उघडून दाखवलं. पाळ्या तशाच्या तशा. ओट्यावर सगळे बघत होते. शेखी मिरवायची हौस, दुसरं काय.

शुभांगीने ते मनावर घेतलं. एक तारखेला नेट चालू करून महिन्याच्या पाळ्या बघायची, की पुन्हा बंद. बॅटरी लई टिकती म्हणायची. महिन्याच्या मध्येच पाळ्या बदलतात, ते फोनला कळणार कसं? काल ती दुपारी गेली तेव्हा तिची पाळी सुटत होती. चुकण्याची ही तिसरी खेप. कंत्राटदार नरहरी म्हणाला, ॲप करणाऱ्या ऑफिसचं उत्तर येईपर्यंत घरीच बस.

...अगं पण एवढं शब्दशः कोण घेतं? नेट कायम बंद ठेव असं मी म्हटलं होतं का? मी म्हटलं, नसलं तरी चालतं. नसलं तरी! जान्हवीला शुभांगीचा राग आला, आणि मग सकाळी जिन्याखाली उभ्या राहिलेल्या तिच्या सासूचा, रंभाबाईंचा.

“तुमीच दावलं व्हतं न्हवं, न्येट बंद करून?” रंभाबाई म्हणाल्या होत्या. “मग आता येडी कोन, आमची सून का तुमी?”

अकोल्याहून येऊन दोन वर्षं झाली, पण या बाईला उत्तर द्यायला जान्हवीची जीभ अजून उचलत नाही.

आणि अमोघ. त्याचा फोन अकराला आला. “लॉग्जमधल्या नोंदी क्लिअर आहेत, जान्हवी. तीन आठवडे डिव्हाइस ऑफलाइन. युजरची चूक. तू दोन ओळींचा मेल टाक, मी कारखान्याला फॉरवर्ड करतो.”

“पण हे जुनं आहे, असं ॲपने तिला सांगायला हवं होतं.”

“सांगत नव्हतं?”

‘बघते,’ म्हणून तिने फोन ठेवला. आधी सांगत होतं. पाळ्यांच्या वर करड्या अक्षरांत एक ओळ होती—शेवटची नोंद अमुक तारखेची. कारखान्यात दाखवायला न्यायच्या आदल्या दिवशी ती ओळ जान्हवीने काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. गबाळं दिसत होतं, एवढंच. हे अमोघला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही... दोन ओळी लिहायच्या तर कोणत्या? एका मेलने शुभांगी कायमची घरी बसणार होती. दुसऱ्याने कंपनीचं काम जाणार आणि त्यावर जान्हवीचं नाव असणार होतं. तिने दोन्ही लिहून पाहिले, दोन्ही पुसले. चहा केला, तोही उतू गेला.

दारात शुभांगी उभी होती. हात पिठाचे.

“घावलं का काय, ताई?”

“बघतेय.”

“न्हाई, म्हनलं, माज्याकडनंच चुकलं आसंल.” ती उंबऱ्याबाहेरच थांबली. “आमाला काय कळतंय त्यातलं. तुमी तसंच लिवा हवं तर. तुमाला उगा तरास नको.”

आणि जान्हवीला हायसं वाटलं.

क्षणभरच. पण वाटलं—हात आपोआप लॅपटॉपकडे वळला, पहिली ओळसुद्धा मनात तयार झाली, युजरने स्वतः मान्य केले आहे की... शुभांगी पिठाचे हात अंगापासून लांब धरून, जरा हसत तिच्याकडे बघत होती, डॉक्टरकडे बघावं तशी.

जान्हवीने लॅपटॉप मिटला. दिवसभर रागवायला माणसं होती—ही, हिची सासू, अमोघ. आता एकही उरलं नव्हतं. मघा कसं हायसं वाटलं, तेवढंच फिरून फिरून आठवत होतं, आणि तिला स्वतःची किळस आली.