देवरावचं लायसन

ही गोष्ट १९७९ सालच्या उन्हाळ्यातली. इंदोरा वस्तीतला देवराव आणि त्याचा दोस्त ताराचंद भाड्याचा एकच ऑटो चालवत. सकाळी देवराव, दुपारनंतर ताराचंद. ऑटो हाती द्यायच्या वेळी दोघं देवरावच्या ओसरीवर एकाच ताटात जेवत, आणि वाढायला देवरावची बायको प्रेमिला. हरवू नये म्हणून देवराव आपलं लायसन ऑटोच्या सीटखालच्या पेटीतच ठेवी.

एका संध्याकाळी कॉटन मार्केटच्या चौकात हवालदाराने ताराचंदला धरलं. ताराचंदने पेटीतलं देवरावचं लायसन काढून दिलं. पेटीतल्या तेलाच्या डागांनी त्यातला फोटो पार पुसट झाला होता. समन्स आलं ते देवरावच्या नावाने.

"सांभाळून घे गा दोस्ता," ताराचंद म्हणाला. "माह्यावर आधीच दोन केसा हायेत, तिसरीत लायसन जाईन. तुही तं पहिलीच. सिग्नल तोडला, बस. कबूल म्हन, दंड मी भरतो."

देवरावने लगेच मान डोलावली. प्रेमिलाला काही ते पटेना.

"लायसन गेलं तं खाचं काय? एखाद्या वकिलाले तरी इचारा."

"वकील काहून वं वैनी?" ताराचंद हसला. "वकील आला का तारखा आल्या. कबूलवाल्याले पाच मिन्टात सुट्टी."

तरी दुसऱ्या दिवशी ती एकटीच वामनराव वकिलांकडे गेली. जिन्यावरच ताराचंद उतरताना भेटला. क्षणभर चपापला, मग म्हणाला, "तुमच्यासाठीच इचाराले आलतो वैनी. साहेब म्हनले, एवढ्याशा केसले काय वकील लागते!"

प्रेमिला ओशाळली आणि जिन्यावरूनच परतली. उगाच संशय घेतला म्हणून त्या दुपारी तिने त्याच्या वांग्यावर तेलाची धार जरा जास्तच सोडली.

कोर्टात कारकुनाने भराभर वाचलं. देवरावने ते संपायच्या आत "कबूल" म्हणून टाकलं. दाराशी उभ्या प्रेमिलाला मात्र नीट ऐकू आलं: भरधाव ऑटोने सायकलवरच्या दूधवाल्याचा पाय मोडला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी देवरावला पुन्हा समजावून विचारलं. देवरावने ताराचंदकडे पाहिलं. ताराचंदची नजर फरशीवर होती, आणि त्याला खेटून काळ्या कोटात वामनराव उभे होते.

"कबूल," देवराव पुन्हा म्हणाला. शब्द दिला होता ना. दंड झाला, आणि दोन वर्षं लायसन गेलं.

बाहेर प्रेमिलाने वकिलांना गाठलं. "साहेब, तुमी आमच्यासाठी आलते काय?"

"नाही बाई. मी ताराचंदचा वकील. देवरावने त्याचं नाव घेतलं असतं, तर म्हणून आलो होतो."

ताराचंद पुढे एकटाच तो ऑटो चालवू लागला. मग त्याने स्वतःचे दोन घेतले, आणि म्हातारपणी मनीषनगरात घर बांधलं. दूधवाला चालू लागला, पण लंगडत. वामनराव आपल्या बिछान्यात शांतपणे गेले. देवरावचं लायसन परत मिळालं, पण तो पुन्हा ऑटोत बसला नाही. काटोलच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या ठोकत राहिला आणि ब्याण्णव साली वारला. ताराचंद मयतीला आला होता. प्रेमिलाने त्याला पाणीही विचारलं नाही. ती अजून आहे. ते लायसन तिच्या पेटीत आहे, आणि फोटोतला चेहरा आता मुळीच दिसत नाही.